ताईच्या टाकीखालची जमीन

मिस्त्रींना ‘ठकठक’ हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस बरोबर ओळखला होता. समोर येईल त्या वस्तूवर बोटाचं पेर आपटून पाहिल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. दार उघडं असलं तरी ते वाजवत, टेबलापाशी बसायच्या आधी टेबल वाजवत, आणि बँकेच्या रांगेत उभे असले तर काउंटर वाजवून, “वरचा थर चांगला आहे, आत नुसता भुसा भरलाय,” असं मागच्या माणसाला सांगत. तो बिचारा हो हो म्हणे. त्यांची बायको सगळ्यांना सांगायची, “लग्न ठरवायला आमच्या घरी आले, तर माझ्याआधी यांनी आमचं कपाट वाजवून पाहिलं. आमच्यातलं नक्की कोण पसंत पडलं, ते मला अजून कळलेलं नाही.”

आता हा नुसता चाळा नव्हता बरं का. मिस्त्रींनी एकेचाळीस वर्षं लाकडी जमिनी घातल्या होत्या. घरांतून, शाळेच्या हॉलमधून, एकदा तर नाटकाच्या रंगमंचावर. फळी कोरडी की ओली, हे ते कानाने ओळखत. कोरडी फळी बोटाखाली खणखणीत बोलते, ओल धरलेली फळी पोटातल्या पोटात बोलते. तेवढ्यावरून ते सांगत, ही आज लावा, ती अजून दोन महिने वाळू द्या. हल्ली त्यासाठी यंत्र मिळतं. दोन सुया लाकडात टोचल्या की ओलीचा आकडा दिसतो. बरोबरीचे सगळे ते यंत्र खिशात घेऊन फिरू लागले, यांनी मात्र त्याला हात लावला नाही. “लाकूड समोर बसलंय. त्याला विचारायचं सोडून त्या डबीला काय विचारता?” हा त्यांचा खाक्या. हट्टी माणूस, दुसरं काय.

मागच्या शेडमध्ये त्यांनी एक हातभर लांबीची फळी दोन खुंट्यांवर ठेवली होती. ज्या सुताराकडे ते काम शिकले, त्याने निरोप देताना ती दिली होती. तिचं नाव ‘मास्तर’. इतकी वाळलेली, इतक्या कडक लाकडाची, की बोट लागलं की घंटेसारखी वाजायची. कुठल्याही फळीबद्दल शंका आली की मिस्त्री मास्तरांना वाजवून सूर मनात भरून घेत आणि मग त्या फळीकडे वळत. मास्तर आयुष्यात कधी चुकले नव्हते.

स्वतःच्या घरातली जमीन त्यांनी चार वर्षं खपून घातली होती. तिला दर वर्षी तेलाचा हात, खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमद्याचे तुकडे, आणि पाहुण्यांना दारातच सूचना. बायको म्हणे, या घरात माणसांनी तरंगत चालावं अशी अपेक्षा आहे. अशा घरात दोन वर्षांपूर्वी ताई आली, आणि तिच्याबरोबर दोनशे लिटर पाणी आलं.

ताई म्हणजे मिस्त्रींची सख्खी थोरली बहीण. तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि त्या एकट्या घरात तिला ठेवायचं नाही हे मिस्त्रींनीच ठरवलं. ती यायला तयार झाली, पण मासे सोडायला तयार होईना. मेहुण्यांचे मासे. नवऱ्याने पंधरा वर्षं जपलेली काचेची टाकी, त्यात अकरा मासे, आणि त्यांत एक लठ्ठ नारिंगी मासा, जो स्वतः काडीचं काम न करता बाकीच्यांना इकडून तिकडे हाकत असे. मेहुण्यांनी त्याला मुकादम म्हणायला सुरुवात केली होती. “जिथे ही टाकी, तिथे मी,” ताई म्हणाली. “यांना खाऊ घालायला उठते म्हणून उठते रे मी सकाळी.”

लाकूड आणि पाणी यांचं वैर मिस्त्रींनी जन्मभर पाहिलं होतं. पण ताईला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी एकच अट घातली. “ठेव. पण माझ्या लाकडात एक थेंब उतरला, तर टाकी घराबाहेर.” हे वाक्य ते गिऱ्हाइकांना जसं दरडावून सांगत, त्याच सवयीने बोलून गेले. ताईने मान हलवली आणि ते वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं.

मग मिस्त्रींनी टाकीसाठी जी काही तयारी केली, ती बघायला गल्लीतली माणसं आली. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. वर काच, वाळू, दगड, स्टँड. हा भार एकाच फळीवर पडू नये म्हणून त्यांनी खालचे वासे कुठून जातात ते शोधून स्टँड त्यांच्यावर आडवा ठेवला, तोही भिंतीलगत. स्टँडच्या चार पायांनी लाकडात खड्डे पाडू नयेत म्हणून खाली जाड प्लायवूड घातलं. बायको उत्साहाने रबराची चटई घेऊन आली, तर तिला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. “रबर ठेवलंस तर वर्षभरात पॉलिशवर पिवळा डाग. आणि प्लास्टिक घातलंस तर खालचं लाकूड घामेजून काळं पडेल. जमिनीला श्वास घेऊ द्यावा लागतो.” म्हणून प्लायवूडखाली बोटभर जाडीच्या पट्ट्या ठोकल्या, हवा खेळती राहावी म्हणून. स्टँडभोवती उभ्या कडेचा पत्र्याचा ट्रे, ट्रेमध्ये जुना टॉवेल. पंपाची वायरसुद्धा खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोळातून ट्रेमध्येच पडावा. “बाळंतिणीची एवढी तयारी होत नाही,” बायको म्हणाली. ताई मात्र भावाच्या हातांकडे बघत बसली होती.

त्या हातांवर तिचा हक्क होता. लहानपणी आईवडील दोघं कारखान्यात जायचे आणि ही दोन पोरं घरात. ताई अकरा वर्षांची, हा सहा. ती दुकानात गेली की हा आतून कडी लावून बसायचा, आणि तिने सांगितलेली खूण आल्याशिवाय उघडायचा नाही. ठक-ठक, ठक. दोन आणि एक. मग आतून यानेही तसंच वाजवायचं, म्हणजे तिला कळायचं की पोरगं धड आहे. मिस्त्रींचं ठकठकणं तिथून सुरू झालं. पुढे सुताराकडे त्यांना कामाला लावलं ते ताईनेच. “याचे हात चांगले आहेत,” तिने त्या म्हाताऱ्याला सांगितलं होतं. “डोकं येईल मागून.”

त्यामुळे ताई राहायला आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या लाकडी भिंतीवर आवाज आला, ठक-ठक, ठक, तेव्हा साठी उलटलेले मिस्त्री अंथरुणात गडबडून उठून बसले. त्यांनी इकडून तसंच वाजवलं. मग रोजचंच झालं. ती उठली की वाजवी, हे उत्तर देत, ती चहा ठेवायला जाई. वर्षभर हे चाललं. मग कधीतरी ताईचं वाजवणं कमी झालं, आणि नंतर बंदच पडलं. मिस्त्रींना ते लागलं. पण विचारणार कसं? तू भिंत का वाजवत नाहीस, असं कुणी कुणाला विचारतं का? हिचं मन इथे रमत नसणार, एवढं त्यांनी ओळखलं आणि गप्प बसले. ताईही हल्ली गप्प गप्पच असे.

एका रविवारी दुपारी मिस्त्री टाकीसमोर मांडी घालून मुकादमाचा कारभार बघत होते, आणि सवयीने त्यांचं बोट ट्रेच्या शेजारच्या फळीवर पडलं. बद्द. त्यांनी पुन्हा वाजवलं. बद्दच. पलीकडची फळी वाजवली. तीही पोटातल्या पोटात बोलली. मिस्त्रींनी ओणवं होऊन ट्रेत हात घातला. ट्रे कोरडा, टॉवेल कोरडा, वरून बघावं तर सगळं छान. म्हणजे ओल आत उतरली होती.

“ताई,” त्यांनी हाक मारली, “इथे पाणी सांडलं होतं का कधी?”

ताई दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघूनच उत्तर कळलं. “दीड महिन्यापूर्वी,” ती म्हणाली. “पाणी बदलताना बादली कलंडली. ट्रेच्या बाहेर गेलं. मी लगेच पुसलं रे, दोन टॉवेल ओले केले. तुला सांगणार होते.”

“झालं,” मिस्त्री म्हणाले. एवढा एकच शब्द, पण तो त्यांनी अशा सुरात उच्चारला की ताई दारातूनच मागे फिरली.

पुढचे चार दिवस मिस्त्रींनी घर डोक्यावर घेतलं. सोमवारी त्यांनी टाकीपासून चार फळ्यांपर्यंत वाजवून पाहिलं, सगळ्या बद्द. मंगळवारी दारापर्यंत गेले, तिथेही तेच. बुधवारी पलीकडच्या खोलीत पलंगाखाली आडवे होऊन वाजवलं, आणि बाहेर आले ते पांढऱ्या चेहऱ्याने. ओल घरभर पसरत होती. एका बादलीत एवढं पाणी कुठून आलं, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही असं नाही. पण त्यावरही त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. टाकीला कुठेतरी न दिसणारी चीर असणार. ताई दर तीन-चार दिवसांनी वरून दोन तांबे पाणी भरते ना? ते जातं कुठे?

“उघड्या टाकीतलं पाणी उडतं, असं वन्संच सांगत होत्या,” बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. “आणि एवढी शंका आहे तर मागच्या गल्लीतल्या सुताराकडून ते सुयांचं यंत्र आणू का?”

“त्याच्याकडून? ज्याला पटाशी धरायला मी शिकवलं?”

“मग बसा वाजवत.”

गुरुवारी ताईनेच विषय संपवला. जेवण झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, “मी सासरच्या पुतणीला फोन केला होता. शनिवारी गाडी घेऊन येते म्हणाली. टाकी नेईल. मलाही म्हणाली, काकू, तूही चल.” मग ताट बाजूला सारत, “तू आधीच सांगितलं होतंस, एक थेंब. तुझं काही चुकलं नाही.”

मिस्त्रींना म्हणायचं होतं, टाकी जाऊ दे, तू कशाला जातेस. त्यांना हेही म्हणायचं होतं की जमीन गेली खड्ड्यात, तू राहा. दोन्ही वाक्यं ओठांपर्यंत आली, आणि तोंडातून निघालं ते असं, “गाडीत टाकीखाली गादी घाला म्हणावं. तळाची काच दगडावर आली तर तडकते.” ताईने मान हलवली आणि ती आपल्या खोलीत गेली. जाताना तिच्या पलंगावर उघडी बॅग मिस्त्रींना दिसली. बायकोने त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी ताट स्वतःच उचलून मोरीत नेलं.

शुक्रवारी सकाळी टाकी रिकामी झाली. अकरा मासे तीन बादल्यांत गेले, मुकादमाला वेगळी बादली द्यावी लागली. ताई एकेका माशाला जाळीत घेऊन हळूच सोडत होती आणि प्रत्येकाशी काहीतरी पुटपुटत होती. मिस्त्रींनी स्टँड सरकवला, प्लायवूड उचललं. खालची जमीन वरून स्वच्छ होती. पण वरच्या चेहऱ्यावर मिस्त्री कधीच विश्वास ठेवत नसत. फळ्या उखडायच्या, खालचं कुजलेलं काढायचं, नव्या बसवायच्या, हे ठरलेलं होतं. त्यासाठी चांगल्या कोरड्या फळ्या निवडायला ते शेडमध्ये गेले.

आणि निवडायच्या आधी, रिवाजाप्रमाणे, त्यांनी मास्तरांना वाजवलं.

बद्द.

मिस्त्रींनी वर छपराकडे पाहिलं. छप्पर गळत नव्हतं. त्यांनी फळी खुंट्यांवरून उतरवली, गालाला लावून पाहिली. कोरडी ठणठणीत. पुन्हा वाजवली. मास्तर पोटातल्या पोटात बोलले. ही फळी चाळीस वर्षांत पाण्याच्या जवळपास फिरकली नव्हती. मग त्यांनी खिळ्यांचा पत्र्याचा डबा घेतला आणि त्यावर चांगलं जोरात पेर आपटलं. डबाही बद्द.

पत्र्याला ओल लागत नाही. एवढं तर कुणालाही कळतं.

मिस्त्री स्टुलावर बसले. त्यांना आधी आनंद झाला, मग भीती वाटली, आणि मग पुन्हा आनंद झाला. घरभर पसरलेली ती ओल खोलीखोलीतून पुढे सरकत होती, कारण ती त्यांच्या कानांतून त्यांच्याबरोबर फिरत होती. तरी कानावर विश्वास ठेवायची आता सोय उरली नव्हती, म्हणून ते तडक घरात आले, पटाशी घातली आणि टाकीखालची अगदी मधली फळी अलगद उचकटली.

जमिनीच्या प्रत्येक फळीच्या पाठीवर ते अनुक्रमांक लिहून ठेवत, आणि तो नेहमी एका खास पेन्सिलीने लिहीत. ती पेन्सिल कोरडी असताना राखाडी उमटते, पण लाकडाला नावापुरती जरी ओल लागली तरी अक्षर जांभळं होऊन पसरतं. म्हणजे फळीने लपवायचं म्हटलं तरी तिला लपवता येत नाही. मिस्त्रींनी फळी उलटी केली. ‘४७’. राखाडी, टोकदार, काल लिहिल्यासारखं. शेजारची काढली. ‘४८’. तीही तशीच. वाशांवर नुसती धूळ होती.

त्यांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले आणि हसायला लागले, तशा दोघी बायका धावत आल्या.

“काय झालं? कुजलंय का?” बायकोने विचारलं.

“थेंब नाही,” मिस्त्री म्हणाले. “एक थेंब उतरलेला नाही. ताई, तू चांगलं पुसलं होतंस. लाकूड ठणठणीत आहे. माझे कान गेलेत.”

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे मी महिनोन् महिने ओरडतेय ते तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं? अहो, चाळीस वर्षं तुम्ही ऐकलं नाही असं दाखवत आलात. खरंच ऐकू येईनासं झालं, हे मला कळणार कसं?”

ताई मात्र हसली नाही. ती खाली त्यांच्यासमोर बसली. “कधीपासून?” तिने विचारलं.

“काय माहीत. वर्ष झालं असेल. टीव्हीचा आवाज कमी येतोय म्हणून मी कंपनीला शिव्या घालत होतो.”

“वर्ष,” ताई म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले. “मी वाजवत होते रे. रोज सकाळी. दोन आणि एक. तुझं उत्तर येईना. मला वाटलं, कंटाळला असेल. म्हातारी बहीण, वर तिचं हे पाण्याचं लचांड. तरी चार महिने वाजवत राहिले. मग म्हटलं, कशाला त्याला अवघडवायचं.”

मिस्त्रींच्या हातातली सत्तेचाळीस नंबरची फळी तशीच राहिली. घरातली एकूण एक फळी त्यांनी या आठवड्यात वाजवून पाहिली होती, फक्त ती मधली भिंत तेवढी सोडून. “मला वाटलं, तूच थांबलीस,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुला इथे करमत नाही.” आणि मग, जे गुरुवारी ओठांवरून परत गेलं होतं ते एकदाचं बाहेर पडलं. “तू जायचं नाहीस. जमीन ओली झाली असती तरी जायचं नव्हतंस. पुतणीला सांग, गाडी नको.”

“आणि ती अट?”

“ती गिऱ्हाइकांसाठी असते.”

दुपारी बायकोने त्यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दिवा लावून आत पाहिलं. मग त्यांनी कोमट पाण्याची पिचकारी मारून दोन्ही कानांतून जे काही बाहेर काढलं, ते ट्रेमध्ये ठेवून मिस्त्रींसमोर धरलं. मळ होता, पण निम्माअधिक लाकडाचा बारीक भुसा. “हे कान वखारीला भाड्याने दिले होते का?” बाईंनी विचारलं. उजवा कान यंत्रांच्या आवाजाने थोडा कमी झाला होता, तो तसाच राहणार होता. डावा चांगला होता. मिस्त्रींना बाईंच्या टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्यांनी टेबल वाजवून पाहिलं. “भरीव आहे,” ते म्हणाले. बायकोने कपाळाला हात लावला.

संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस आपापल्या जागी बसल्या, वर पट्ट्या, प्लायवूड, स्टँड, टाकी. मासे परत पाण्यात गेले आणि मुकादमाने एका दिवसाची राहिलेली सगळी कामं अंगावर घेतली. मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून शेजारची फळी वाजवली. ती खणखणीत बोलली.

दुसऱ्या दिवशी ते पहाटेच उठून भिंतीला पाठ लावून बसले. डावा कान भिंतीकडे. पलीकडे पलंग करकरला, चपला सरपटल्या, मग बराच वेळ काहीच नाही. मिस्त्रींनी मान वळवून कान भिंतीला टेकवला. ताई विसरली असेल, किंवा पुन्हा उत्तर न येण्याची तिला भीती वाटत असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग आवाज आला. अगदी हळू, विचारल्यासारखं. ठक-ठक, ठक.

मिस्त्रींनी लगेच उत्तर दिलं. पलीकडून ताईने पुन्हा वाजवलं, आता जोरात. यांनीही जोरात वाजवलं. पुन्हा तिने, पुन्हा यांनी. बायको कूस वळवून म्हणाली, “दार वाजतंय का हो?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “ताई आहे.”

त्यांचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्या सकाळी चहा दोनदा गरम करावा लागला.